अडतीस नंबरचा जिना

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला काडीचा फरक पडत नाही.

मी ग्लासगोच्या बसमध्ये बावीस वर्षं तिकिटं फाडली. शनिवारच्या शेवटच्या बसमधले दारुडे एकटीने उतरवलेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास माणसाच्या हलकटपणावर आहे, आणि त्याने मला अजून कधी तोंडघशी पाडलेलं नाही.

हे घडलं माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी. कर्स्टी तिचं नाव.

साल १९८४. महिना जानेवारी, वार शुक्रवार.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेलेले नव्हते. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि समोरच्या बेकरीत पावासाठी रांग लागली होती. भूत म्हणजे अमावास्येची मध्यरात्रच हवी असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं.

दक्षिण ग्लासगोतल्या लाल दगडाच्या चारमजली चाळवजा इमारतींची ती वस्ती. नंबर अडतीस. रस्त्याचं नाव सांगत नाही. तिथे अजून लोक राहतात, घरांचे भाव पडले तर माझ्या नावाने बोटं मोडतील.

रस्त्यावरचं सामायिक दार, आतली बोळ आणि वर जाणारा दगडी जिना, या सगळ्याला आम्ही क्लोज म्हणतो. अडतीस नंबरच्या क्लोजला खांद्यापर्यंत हिरव्या टाइल, त्यावर तपकिरी पट्टा, जिन्याच्या वळणावर रंगीत काचांची खिडकी. टाइलवाले लोक नुसत्या रंगवलेल्या भिंतींवाल्यांना माणसात मोजत नसत. आमची अक्कल तेवढीच.

कर्स्टीचा नवरा स्ट्रुअन या टाइलवर भाळला आणि त्याने दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं.

स्ट्रुअन आर्किटेक्ट होता. म्हणजे घरं बांधणारा नव्हे, जुन्या घरांवर बोलणारा. या वस्तीवर त्याने बारा पानांची पुस्तिका लिहिली होती, त्यातल्या दोन पानांवर त्याचाच फोटो. दर शनिवारी तो विद्यार्थ्यांचं लेंढार घेऊन यायचा, टाइलवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ऐका. हा दगड बोलतो."

दगड कधी बोलला नाही. हाच बोलायचा, चाळीस मिनिटं.

एवढं दगडाचं प्रेम, पण त्यावर कधी ओलं फडकं फिरवलं असेल तर शपथ.

आता जिन्याचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एक आठवडा या घराची पाळी, एक आठवडा त्या घराची. शुक्रवारी आपल्या मजल्यावरची मोकळी जागा आणि खाली जाणारा जिना गुडघ्यांवर बसून धुवायचा. झालं की पुठ्ठ्याची पाटी समोरच्या दाराच्या मुठीला अडकवायची. 'जिना धुण्याची पाळी तुमची.' घंटा वाजवायची नाही, काही बोलायचं नाही. पाटी बोलते.

न धुता पाटी पुढे सरकवायची नाही. नवऱ्याच्या डोक्यात तवा घालणारी बाई आमच्या गल्लीत खपवून घेतली. हे खपलं नसतं.

समोरच्या घरात मिसेस पर्डी राहायच्या. वय एक्याऐंशी. लग्न होऊन आल्या त्या याच घरात, आणि नवरा गेल्यापासून एकट्या. जिना धुतल्यावर पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या मातीच्या कांडीने वेलांट्या काढायच्या. पूर्वी सगळ्याच बायका काढत. तेव्हा त्या एकट्याच उरल्या होत्या. एक वेलांटी दुसरीत गुंफलेली, वरपासून खालपर्यंत हात न उचलता.

आदल्या ऑक्टोबरात कर्स्टी गरोदर होती, चौथा महिना चालू होता. आधीची दोन चौथ्या महिन्यात गेली होती. या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, गुडघ्यांवर बसायचं तर मुळीच नाही. हे मूल गेलं तर पुन्हा आशा धरू नका.

म्हणजे पाळी स्ट्रुअनची.

पहिल्या शुक्रवारी त्याने पाटी काढली, चार पावलं चालला आणि समोरच्या मुठीला अडकवून आला.

"अरे, धुतलास कुठे?" कर्स्टीने विचारलं.

"म्हातारी तसंही धुतेच की. तिला तेवढाच विरंगुळा."

"पण पाळी आपली आहे."

"कर्स्टी, सामायिक श्रमाची परंपरा फार सुंदर गोष्ट आहे. मी लिहिलंय त्यावर."

लिहिलंय म्हणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मिसेस पर्डींनी जिना धुतला. पुढच्या आठवड्यात त्यांचीच पाळी, तोही धुतला आणि पाटी यांच्या दाराला लावली. स्ट्रुअनने ती पुन्हा परत नेली. असं जानेवारीपर्यंत चाललं.

मधल्या काळात म्हातारी कर्स्टीसाठी जवाचं सूप करून आणायची.

"पोरी, पाय वर घेऊन बस. जिन्याचं मी बघते."

"मिसेस पर्डी, पाळी आमची होती. मला खरंच लाज वाटते हो."

"पाळी कोणाची ते मला कळतं. तुझी नाही ती, त्याची आहे. तू दार लाव, गार वारा येतोय."

कर्स्टीने दार लावलं. सूप प्यायली. बाहेर ब्रश दगडावर घासल्याचा आवाज येत होता, तो ऐकत प्यायली. नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही, मूग गिळून बसली. माझी बहीण आहे म्हणून मी हे झाकणार नाही.

मग वीस जानेवारी आली. शुक्रवार. रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल.

साडेदहाला म्हातारी जिन्यावर गुडघे टेकून बसली होती. अर्धा जिना धुऊन झाला होता. स्ट्रुअन चिखलाच्या बुटांनी बाहेरून आला. विसरलेली छत्री घेतली आणि त्याच पायऱ्यांवरून पुन्हा खाली गेला. दोन्ही वेळा ओल्या दगडावरून. जाताना म्हणाला,

"छान चाललंय. कडा विसरू नका हं, मिसेस पर्डी. उद्या विद्यार्थी यायचेत."

कर्स्टी दाराच्या काचेतून बघत होती.

म्हातारीने बुटांचे ठसे पाहिले. बादली उचलली, वर आली आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू केलं.

सव्वाअकराला ब्रशचा आवाज थांबला.

झालं असेल धुऊन, कर्स्टीला वाटलं.

बारा वाजता तळमजल्यावरची जेसी टॉल्मी वर आली, तेव्हा मिसेस पर्डी जिन्याच्या वळणावर रंगीत खिडकीखाली होत्या. गुडघ्यांवरच. कपाळ पायरीवर टेकलेलं. बादली शेजारी सरळ उभी, थेंबभर पाणी सांडलेलं नव्हतं.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. वयच होतं.

त्या संध्याकाळी स्ट्रुअन बटाटे आणि खिमा जेवता जेवता म्हणाला, "वाईट झालं." मग आणखी एक बटाटा घेतला. "तिचं घर आता विकायला निघेल. मधली भिंत पाडली तर आपला हॉल केवढा होईल बघ."

कर्स्टी ताटावरून उठून गेली. तो उरलेले बटाटे संपवत बसला.

पुढचा शुक्रवार. सत्तावीस तारीख.

समोरच्या घराला कुलूप. किल्ली पुतण्याकडे, तो अॅबर्डीनला. वरच्या मजल्यावरचे दोन्ही भाडेकरू सात वाजताच कामावर गेलेले. स्ट्रुअन घरीच टेबलाशी लिहीत बसला होता.

साडेदहा वाजले, आणि...

ठण्ण...

बादलीची कडी पडल्याचा आवाज.

मग दगडावर... खर्र... खर्र... खर्र...

जेसी आली असेल, कर्स्टीला वाटलं. तिने दार उघडलं.

आवाज बंद.

जिन्यावर कोणी नव्हतं. वर नाही, खाली नाही. बादली नाही. पण दगड ओला होता. नुकताच धुतलेला, गरम पाण्याची वाफ अजून निघत होती, सोड्याचा वास येत होता. कडांना ताज्या पांढऱ्या वेलांट्या.

फक्त यांच्या दारासमोरचा भाग कोरडा.

फुटपट्टीने आखावी तशी सरळ रेघ होती. रेघेपलीकडे लखलखीत, रेघेअलीकडे धूळ आणि मागच्या आठवड्यातले स्ट्रुअनच्या बुटांचे वाळलेले ठसे.

आणि यांच्या दाराच्या मुठीला पाटी.

स्ट्रुअनने बाहेर येऊन पाहिलं आणि हसला. "ही त्या टॉल्मीबाईची थेरं." तरातरा खाली जाऊन त्याने जेसीचं दार वाजवलं.

"मिसेस टॉल्मी, हा पोरकटपणा बंद करा."

"कोणता हो, साहेब?"

"आमचं दार सोडून बाकीचा जिना धुण्याचा."

जेसीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी माझा तळमजला धुते. त्याच्या वर चढून धुवायला माझे गुडघे आता चालत नाहीत. तुमचे चांगले आहेत ना? की तेही जुन्या वास्तूत मोडतात, हात लावायची परवानगी नाही?"

आणि दार लावून घेतलं. जेसीचं मला हेच आवडायचं.

तो वर आला. पाटी काढली, बंद घराच्या मुठीला अडकवली आणि वाकून नमस्कार करावा तसा झुकला. "घ्या, बाई. तुम्हाला सवय आहे."

कर्स्टी म्हणते, त्या क्षणी समोरच्या बंद दारामागे... कोणीतरी नाकातून जोरात श्वास सोडला. एकदाच. किळस आल्यावर सोडतात तसा.

स्ट्रुअनने ऐकलं नाही. तो स्वतःशिवाय कोणाचं कधी ऐकत नसे.

तीन फेब्रुवारी, शुक्रवार. दाराला आतून साखळी होती.

साडेदहा...

खर्र... खर्र...

आवाज दारापर्यंत आला, आणि थांबला.

कर्स्टीने वळून पाहिलं. पाटी यांच्याच दाराला होती. आतल्या मुठीला. हलत होती, नुकतीच कोणी सोडल्यासारखी.

साखळी जशीच्या तशी लावलेली.

स्ट्रुअनचा चेहरा पांढरा पडला. क्षणभरच. मग तो बायकोवर ओरडला, "तू लावलीस ही. गरोदरपणात बायकांना असले झटके येतात, वाचलंय मी." त्याने पाटी शेकोटीत टाकली. पुठ्ठा जळायला कितीसा वेळ लागतो? राख झाली.

दहा फेब्रुवारीला आवाज घरात आला.

हॉलच्या लाकडी फळ्यांवर... खर्र... खर्र... दोघंही खोलीतून बघत होते. दिसत काही नव्हतं. फळ्या एकेक करून ओल्या होत होत्या. दारापासून आत, हळूहळू, एक फळी संपली की दुसरी. पाणी बाळासाठी रंगवलेल्या खोलीच्या उंबऱ्याशी आलं...

आणि तिथे थांबलं. ब्रश दोनदा फळीवर आपटला. ठक, ठक.

कर्स्टीने पोट दोन्ही हातांनी धरलं. तिला एकच कळत होतं. पाळी बाकी आहे, आणि जे कोणी आलंय ते आता बाळाच्या दारात उभं आहे.

"स्ट्रुअन, एकदा धू. फक्त एकदा. मी तुझ्या पाया पडते."

"मी? बादली घेऊन? गुडघ्यांवर? उद्या विद्यार्थी..."

"बाळ गेलं तर चालेल तुला?"

"भलतंसलतं बोलू नकोस. पाइप गळतोय कुठेतरी."

मग कर्स्टीने बादली भरली. आठवा महिना, डॉक्टरांची ताकीद, तरी भरली. आणि तो? तो दारात खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या मनाला बरं वाटत असेल तर धू." हे त्याचे शब्द आहेत, मी माझ्या पदरचा एकही घातलेला नाही. असल्या माणसाला मी माझ्या बसमध्ये उभंसुद्धा राहू दिलं नसतं.

कर्स्टी दारासमोरच्या धुळीत कठड्याला धरून कशीबशी गुडघ्यांवर बसली. ब्रश बुडवला. दगडावर टेकवला.

ब्रश हलेना.

तिच्या हातावर एक हात होता.

दिसत नव्हता. गार, ओला, खरखरीत. त्याने तिच्या बोटांमधून ब्रश काढून घेतला. हिसकावून नाही. लहान मुलाच्या हातून आपण सुरी काढून घेतो, तसा हळूच.

मग तिच्या काखेत कोणीतरी आधार दिला आणि तिला उभं केलं.

आणि बादली... आपोआप सरकली. दगडावर करकरत, कर्स्टीला वळसा घालून, दारात उभ्या स्ट्रुअनच्या बुटांपाशी जाऊन थांबली. ब्रश बादलीच्या काठावर नीट ठेवलेला.

तो फक्त वाकला असता तरी पुरे होतं, असं कर्स्टी आजही म्हणते.

त्याने बादलीला लाथ मारली.

पाणी जिन्यावरून धो धो खाली गेलं. वळणाच्या खिडकीपाशी, जिथे म्हातारी सापडली होती, तिथे ते अडलं. उतार असूनही अडलं. कर्स्टीने कोट घातला आणि ती भिंत धरधरून पायऱ्या उतरली. दुपारी ती माझ्या घरी होती.

एकवीस मार्चला मुलगी झाली. सव्वातीन किलोची, धडधाकट, घसा फोडून रडणारी. नाव ठेवलं एफी. स्ट्रुअन बघायला आला नाही. फोनसुद्धा नाही. मी म्हटलं, बरी पीडा टळली.

एप्रिलमध्ये जेसी टॉल्मी मला बाजारात भेटली.

"तुझा मेहुणा सुधारला गं. दर शुक्रवारी जिना धुतो. गुडघ्यांवर बसून. कडांना नक्षीसुद्धा काढतो."

"स्ट्रुअन? भलत्याच कोणाला पाहिलं असशील."

"डोळे फुटलेले नाहीत माझे," जेसी म्हणाली. पण हसली नाही. "एकदा येऊन बघा तुम्ही."

शुक्रवारी आम्ही गेलो. एफी कर्स्टीच्या कडेवर. मी खाली जेसीपाशी थांबले, कर्स्टी वर चढली. पुढचं तिने मला जसं सांगितलं, तसं सांगते.

तो वळणावर होता. अंगात ऑफिसचा सूट. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली आणि आतली कातडीही. हात कोपरापर्यंत लाल, सोड्याने भेगाळलेले. उजव्या हातात पांढऱ्या मातीची कांडी. वेलांटीत वेलांटी, हात न उचलता, सुरेख. ज्याला सरळ रेघ मारायला पट्टी लागायची, त्याच्या हातून.

"स्ट्रुअन," कर्स्टीने हाक मारली.

त्याने मान वर केली. तोच होता. नजर त्याचीच, आवाज त्याचाच. गालांवरून पाणी वाहत होतं.

"कर्स्टी, हात थांबत नाहीत गं," तो म्हणाला. "साडेदहा वाजले की पाय आपोआप इकडे येतात. मला उठव. एकदा हात दे फक्त."

बोलत असतानाही हात चालूच होता.

कर्स्टी तीन पायऱ्या खाली उभी होती. हात लांब केला असता तर पोचला असता. तेवढ्यात तिला दिसलं... त्याच्या शेजारच्या कोरड्या पायरीवर दोन गोल ओले डाग उमटले होते. गुडघे टेकल्यासारखे. कोणीतरी त्याला खेटून बसलं होतं, काम नीट होतंय की नाही ते बघत.

एफी त्या रिकाम्या जागेकडे बघून हसली.

कर्स्टी मागे फिरली आणि खाली आली. चेहरा शांत. बसमध्ये बसली. मग म्हणाली, "ताई, मला त्याची कीव नाही आली. मला बरं वाटलं, माझ्याऐवजी तो आहे म्हणून."

स्ट्रुअन अजून तिथेच राहतो. बाकीचे दिवस ठीक असतो, म्हणे. घर विकायला दोनदा काढलं, दोनदा त्यानेच मोडता घातला. का, ते सांगत नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. तरी शुक्रवार चुकत नाही. इमारत बघायला येणारे परदेशी लोक त्याचे फोटो काढतात. जुनी परंपरा जपणारा माणूस म्हणून.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. पाद्र्याला विचारलं, त्याने चहा मागवला. डॉक्टरला विचारलं, त्याने झोपेच्या गोळ्या दिल्या.

त्या माणसाला मी चाळीस वर्षं शिव्या घालतेय आणि मरेपर्यंत घालीन. त्या त्याने कमावल्यात.

पण एक गोष्ट कर्स्टीलाही मी कधी बोलून दाखवलेली नाही. तिने डिसेंबरातच मला फोन केला होता. सगळं सांगितलं होतं, पाटीचं, म्हातारीचं. रडत होती. विचारत होती, ताई, मी काय करू?

मी दोन गल्ल्या सोडून राहत होते. शुक्रवारी माझी सुट्टी असायची. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

मी म्हटलं होतं, "तू आपलं पोट सांभाळ. म्हातारीला तेवढाच विरंगुळा."

अगदी त्याचेच शब्द. मी कुठे ऐकले होते ते? कुठेच नाही. माझे मलाच सुचले होते.

आता मी एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. इथला जिना धुवायला कंपनीचा माणूस मंगळवारी येतो. शुक्रवारी कोणी येत नाही.

तरी शुक्रवारी साडेदहाला मी रेडिओ मोठा लावते, आणि अकरा वाजेपर्यंत बंद करत नाही.